ओळीच्या शेवटची खुर्ची

आमचे सर कॉम्प्युटरला अहो-जाहो करायचे. "ते आज जरा उशिरा सुरू होतील, मघाशी लाइट गेली तेव्हा दचकलेत," असं इतक्या काळजीने सांगायचे, की नव्याने आलेल्या मुलाला वाटावं, आत सरांचे वडील आजारी आहेत. मशीनला ऊन लागू नये म्हणून त्यांनी घरातली चांगली चादर खिडकीला बांधली होती आणि स्वतः मात्र दारातल्या उन्हात बसत. सरांच्या बायकोने एकदा आम्हाला चहा देता देता सांगितलं, "माझ्या नशिबी सवत आली ती आली, तीही पुरुष." सर शेजारीच उभे होते. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. म्हणाले, "पण प्रामाणिक आहेत. बावळट आहेत, तरी प्रामाणिक आहेत. सांगाल तेवढंच करतात, आणि सांगाल ते सगळं करतात."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्याला वर्तकनगरात आमच्या कॉलनीत पंपाच्या खोलीला लागून गणपती मंडळाची एक खोली होती. वर्षातले अकरा महिने तिच्यात मखराच्या फळ्या आणि उंदीर राहायचे. ती खोली सरांनी मंडळाकडे मागून घेतली, फळ्या माळ्यावर चढवल्या, उंदरांची जमेल तेवढी सोय केली आणि दारावर पाटी लावली, 'कॉम्प्युटर शिकवले जातील'. कॉम्प्युटरला आदरार्थी बहुवचन लावल्यामुळे पाटीचा अर्थ भलताच होतोय, असं एकाने त्यांना दाखवून दिलं. सर म्हणाले, "होऊ दे. तेही शिकतातच की."

त्याआधी सर कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत होते. पर्मनंट. कंपनीनेच त्यांना कॉम्प्युटर शिकायला पाठवलं आणि तिथे त्यांची 'सी' नावाच्या भाषेशी गाठ पडली. परत आल्यावर कंपनीने त्यांना पगाराच्या स्लिपा छापायला बसवलं. सरांनी काही महिने स्लिपा छापल्या आणि मग राजीनामा छापला. तेव्हाच्या कॉलनीत पर्मनंट नोकरी सोडणं आणि बायको सोडणं यांत लोक फारसा फरक करत नसत. सरांची आई तर बरेच दिवस शेजारणींना सांगत होती की तो रजेवर आहे.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या आईच्या मते कॉम्प्युटर म्हणजे टायपिंगची थोरली बहीण, आणि क्लास दोन बिल्डिंगा सोडून, म्हणजे संध्याकाळी मला शोधायला लांब जायला नको. एवढ्या भक्कम कारणांवर मी सरांची विद्यार्थिनी झाले.

पहिले कित्येक आठवडे सरांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. क्लासमध्ये बाक नव्हते, कारण सरांना फरशी मोकळी लागायची. "फरशीवर चाललं नाही ते पडद्यावर चालणार नाही," हा त्यांचा कायदा. खडूने ते फरशीवर चौकोन आखत. ओळीत पाच घरं, अशा चार-पाच ओळी. मग आम्हा प्रत्येकाच्या हातात एकेक अक्षर लिहिलेला कागद देऊन बाहेर व्हरांड्यात रांगेत उभं करत. आम्ही म्हणजे फाईल. दरवाजा म्हणजे फाईलचं तोंड. आतला चौकोनांचा पट म्हणजे टू-डायमेन्शनल अ‍ॅरे, एका घरात एकच अक्षर मावेल असा ओळी-ओळींचा तक्ता. सर दारात उभे राहून हाक मारत, "पुढचं अक्षर." एकाने आत जायचं, पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरात उभं राहायचं. "पुढचं अक्षर." दुसऱ्याने दुसऱ्या घरात. ओळ भरली की सर जोरात टाळी वाजवायचे. टाळी म्हणजे एंटर, ओळ संपली, पुढच्याने खालच्या ओळीत पहिल्या घरापासून सुरू करायचं.

वीस-बावीस वर्षांची आम्ही घोडी हातात 'क' आणि 'ट' घेऊन खडूच्या चौकोनात उभी राहायचो. व्हरांड्यातून जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. एक आजी रोज विचारायच्या, "हा ठिकरीचाच खेळ ना रे?"

पण मी सांगते, आज इतक्या वर्षांनी कुणी मला झोपेतून उठवून विचारलं, की फाईलमधला मजकूर ओळीओळीने अ‍ॅरेत कसा वाचायचा, तर माझे पाय आपोआप योग्य घरात जातील.

सरांना जिकडेतिकडे हाच अ‍ॅरे दिसायचा. एका लग्नात ते जेवायच्या पंगतीतून मध्येच उठले. एक वाढपी वरण घेऊन ओळीने चालला होता आणि दुसरा भात घेऊन आडवा, ओळी ओलांडत. सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आधी ओळ पूर्ण करा. असे आडवे गेलात तर अर्ध्या लोकांना वरणाआधी भात मिळेल आणि अर्ध्यांना भाताआधी वरण." वाढपी म्हणाला, "मास्तर, पोटात एकच होतंय." सर पानावर येऊन बसले, पण त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती पंगत आमच्या कामी आली. अ‍ॅरे किती मोठा घ्यावा, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाट नेहमी चार जास्तीचे मांडावेत. उरले तर उचलता येतात. कमी पडले तर आलेला पाहुणा शेजारच्याच्या ताटात जेवतो, आणि मग कोण कुणाचं जेवला ते देवालाही कळत नाही." या विषयावरचं इतकं खरं वाक्य मी पुढे कुठल्याही जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं नाही.

खोपटच्या एसटी डेपोत त्यांच्याबरोबर जाणं तर संकटच होतं. सर फलाटावरच्या गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभे राहायचे आणि एकेक अक्षर वाचायचे, मधल्या मोकळ्या जागांसकट. "माणसं वाचत नाहीत, चाळतात," असं त्यांचं मत. एकदा तर त्यांनी कंट्रोल केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की तुमच्या फळ्यावर पाचव्या ओळीपासून सगळ्या वेळा एकेक घर डावीकडे सरकल्यात. आतला कंट्रोलर म्हणाला, "तुम्हाला जायचंय कुठं?" सर म्हणाले, "कुठंच नाही." त्याने खिडकी लावून घेतली. सरांच्या बायकोची जुन्नरची गाडी मात्र तेवढ्यात सुटलेली होती.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या समोर मंडळाचे सेक्रेटरी काका, त्या खोलीच्या बरोबर वर राहणारे.

सेक्रेटरी काका वाईट नव्हते. ते नियमांचे होते. मंडळाचं पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं याचाही त्यांचा ठराव असे. त्यांना सरांच्या क्लासमधल्या तीन गोष्टींचा त्रास होता: व्हरांड्यात उभी राहणारी मुलं, जिन्यापर्यंत पसरलेल्या चपला आणि टाळ्या. "दुपारचं जरा पडलं की खालून फाडकन टाळी. परत डोळा लागला की परत फाडकन. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये टाळी कशाला लागते?" सरांनी त्यांना खरोखरच समजावून सांगायला सुरुवात केली, आणि त्यामुळे प्रकरण जास्तच चिघळलं. काकांना ती खोली कॅरमसाठी हवी होती. कमिटीतले आणखी दोघे त्यांच्या बाजूला झाले होते.

सरांना दुसरी जागा नव्हती. घर दोन खोल्यांचं, त्यात आई, बायको, दोन मुलं. स्टेशनजवळ जागा घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, आणि तिथे नुकतीच एक एसीवाली इन्स्टिट्यूट निघाली होती, जिथे मुलांना पहिल्याच दिवशी गुबगुबीत खुर्ची देत. खोली गेली असती तर सरांना पुन्हा कोलशेतला जाऊन, सोडलेल्या नोकरीसाठी हात जोडावे लागले असते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांना तर सगळ्यात जास्त माहीत होतं. तरी त्यांनी काय करावं?

त्या वर्षी मंडळाचं नाटक मांडवात न होता, पहिल्यांदाच खऱ्या नाट्यगृहात व्हायचं होतं. कॉलनीतलेच नट, कॉलनीतल्याच नट्या. मीटिंगमध्ये तिकिटांचा विषय निघाला. हाताने लिहिलेल्या तिकिटांत दरवर्षी एकाच नंबरची दोन निघायची आणि दोन घराण्यांचं वर्षभराचं बोलणं बंद व्हायचं. सर मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "तिकिटं कॉम्प्युटर करतील."

"आणि चुकलं तर?" काकांनी विचारलं.

"तर खोली सोडतो."

कुणी मागितलं होतं का? कुणीही नाही. सरांची बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने नुसते डोळे मिटून घेतले.

पुढचा आठवडा मात्र मजेचा गेला. सर नाट्यगृहात जाऊन प्रत्येक ओळीतून चालत गेले, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावून आले. तिथल्या ओळी सारख्या नव्हत्या, पुढे लहान आणि मागे मोठ्या होत जाणाऱ्या. घरी येऊन त्यांनी सगळं नाट्यगृह एका फाईलमध्ये टाइप केलं. एका खुर्चीला एक टिंब. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीला फुली. एक ओळ झाली की एंटर. मग प्रोग्रॅम लिहिला: फाईल एकेक अक्षराने वाच, अ‍ॅरेत भर, एंटर आला की खालच्या ओळीला जा, आणि शेवटी जिथे फुली नसेल त्या प्रत्येक घराचं तिकीट छाप.

कायद्याप्रमाणे ते आधी फरशीवर झालं. आम्ही टिंबं आणि फुल्या होऊन आत गेलो, सरांनी टाळ्या वाजवल्या, ओळी बरोबर लागल्या. वरून काकांनी जमिनीवर काठी आपटली. मग कुठून तरी मागून आणलेल्या प्रिंटरने करकर करत तिकिटं छापली. प्रत्येकावर ओळीचं अक्षर, खुर्चीचा नंबर आणि खाली 'आपला आनंद हाच आमचा आनंद'. एकही नंबर दोनदा नाही. काकांनी स्वतः तपासलं आणि नाइलाजाने म्हणाले, "छान आहे." कमिटीने दारोदार जाऊन सगळी तिकिटं खपवली.

रविवारी दुपारी नाट्यगृह भरलं. आमचा अख्खा क्लास आला होता, तिकिटं काढून, ओळीओळीतून विखरून बसलेला. दुसरी घंटा झाली. आणि बघते तर कडेच्या वाटेत माणसं उभी. पुढून मागपर्यंत, प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक. प्रत्येकाच्या हातात तिकीट. प्रत्येकाच्या तिकिटावर त्या ओळीतला शेवटचा नंबर, आणि त्या नंबरची खुर्चीच नाही. दुसऱ्या ओळीपाशी सेक्रेटरी काकांचे वडील, अण्णा, काठी टेकत उभे. ऐंशीच्या घरातले, नात नाटकात होती म्हणून खास इस्त्रीचं धोतर नेसून आलेले. त्यांच्या मागे काही ओळी सोडून कोलशेतच्या कोळीवाड्यातली मावशी. ती आमच्या कॉलनीत मासे विकायला यायची आणि तिचा मुलगा माझ्याच बॅचला होता.

सर मागच्या दाराशी, माझ्या खुर्चीच्या मागेच होते. ती उभी रांग बघून त्यांच्या चेहऱ्यावर आधी काय आलं असेल? आनंद. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. कोडं सुटल्याचा निखळ आनंद. "अहो, हे एंटर आहेत," ते मला म्हणाले. "एंटरही अक्षरच आहे. दिसत नाही, पण फाईलमध्ये असतं. त्यांनी ते इमानदारीत वाचलं आणि घरात ठेवलं. आणि फुली नाही म्हणून त्याचं तिकीट छापलं." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "फरशीवर मी टाळी वाजवत होतो. टाळीला उभं राहायला जागा लागत नाही."

ओळी सगळ्या कमी-जास्त लांबीच्या, त्यामुळे एक खुर्ची जास्तीची आहे हे तपासताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आता सगळ्यांच्या येत होतं.

मॅनेजरने वाटेत जादा खुर्च्या टाकायला साफ नकार दिला. आरडाओरडा सुरू झाला. तेव्हा सर तरातरा गेले आणि पडद्यासमोर उभे राहिले.

"नमस्कार. नाटक जरा उशिरा सुरू होईल. चूक माझी आहे. कॉम्प्युटरची नाही, त्यांना कुणी काही बोलू नये."

"ते र्‍हाऊ दे मास्तर," मावशीचा आवाज मासळीबाजारात तयार झालेला. "तिकीट घेतलाय मी. माजी खुर्ची कुटं हाय ते सांग."

"मावशी, तुम्ही खुर्ची नाही. तुम्ही एंटर आहात."

"म्हंजे काय?"

सरांनी सांगायला तोंड उघडलं. "म्हणजे असं बघा, आपण ओळ टाइप केली की..."

"सर, क्लास नंतर घ्या," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं थिएटर हसलं. हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "क्लास, उभे राहा."

आम्ही उठलो. सगळे. कुणाच्या मनात आलं नाही की आपण तिकीट काढलंय. वाटेतली माणसं आमच्या जागांवर जाऊन बसली आणि आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. एक जागा कमी पडली, तेव्हा सरांची बायको धाकट्याला कडेवर घेऊन उठली आणि आमच्यात येऊन उभी राहिली. माझी जागा अण्णांना मिळाली.

नाटक उत्तम झालं असं म्हणतात. मला काही दिसलं नाही, माझ्यासमोर एका काकूंचा अंबाडा होता.

मध्यंतरात बटाटेवड्यांच्या गर्दीत सरांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि काकांच्या पुढे धरली.

काका म्हणाले, "मी अजून मागितली नव्हती."

"पण ठरलं होतं."

काकांनी किल्ली घेतली, कारण ठरलं होतं. मी सांगितलं ना, ते नियमांचे होते. त्यांनाही ती घेताना बरं वाटलं नसावं, त्यांचा वडा तसाच राहिला होता. मला मात्र दोघांचाही सारखाच राग आला. सरांची बायको पलीकडे मुलाला पाणी पाजत होती. तिने सगळं पाहिलं आणि पदराने मुलाचं तोंड गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिली.

मी अण्णांना चहा नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "पोरी, हे झालं काय नेमकं? त्या मास्तराने मला काय केलं?"

मी सांगितलं. की तुमच्या तिकिटावर लिहिलेली ती खुर्ची नव्हती. ती ओळ संपल्याची खूण होती. ती दिसत नाही, पण ती असल्याशिवाय मशीनला एक ओळ कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. सगळ्या ओळी एकमेकींत शिरतात.

अण्णांनी बशीत चहा ओतून शांतपणे प्यायला. "म्हणजे मी ती खूण?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "आजवर मला कुणी एवढं काम दिलं नव्हतं."

सोमवारी संध्याकाळी आम्ही गेलो तर खोलीला कुलूप. कॉम्प्युटर सरांच्या घरी, पलंगावर. सरांची आई खाली सतरंजीवर झोपायला लागली होती आणि तक्रार करत नव्हती, यावरून तिला परिस्थिती कळली असावी. दुसऱ्या दिवशी सर कोलशेतला जाऊन आले, असं त्यांच्या बायकोने मला हळूच सांगितलं. जुन्या साहेबांनी पहिल्या तारखेपासून या म्हटलं होतं. स्लिपांवर.

त्या संध्याकाळी सरांनी क्लास काकांच्या बिल्डिंगसमोरच्या, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीवर घेतला. टाकीचा सिमेंटचा चौथरा चांगला रुंद होता. सरांनी खडूने घरं आखली, आम्हाला अक्षरं वाटली. "पुढचं अक्षर," म्हणाले. पहिली ओळ भरली. टाळीसाठी त्यांचे हात वर गेले आणि तसेच थांबले.

"नाही. आता एंटरलाही उभं करायचं. कोण होतंय एंटर?"

कुणी हललं नाही. हातात अक्षर नाही, कागद नाही, नुसतंच ओळीच्या टोकाला उभं राहायचं, म्हणजे ढ मुलाचं काम असं आम्हाला वाटलं असावं. सरांचा आवाज पडलेला होता, आम्हालाही कशात गोडी वाटत नव्हती.

तेवढ्यात जिन्यातून खडखड आवाज आला. अण्णा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घडीची लोखंडी खुर्ची घेऊन उतरत होते. मी पळत जाऊन खुर्ची घेतली. त्यांनी ती पहिल्या ओळीच्या शेवटी मांडायला लावली, धोतर सावरून बसले आणि बंडीच्या खिशातून नाटकाचं तिकीट काढून सरांना दाखवलं.

"माझी जागा आहे ही," ते म्हणाले. "चालू द्या."

सरांनी ते तिकीट वाचून दोन्ही हातांनी परत दिलं. मग म्हणाले, "पुढचं अक्षर." आणि आम्ही खालची ओळ सुरू केली.

कॉलनीत अशी गोष्ट लपते थोडीच? दुसऱ्या दिवशी मावशी मासे विकून परत जाताना टोपली घेऊन आली आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला टोपलीशेजारी बसकण मारली. "माजं पन तिकीट हाय," म्हणाली. तिचा मुलगा तिसऱ्या घरात 'ह' घेऊन उभा होता, त्याने लाजून मान खाली घातली. मावशी त्याला म्हणाली, "तू सरल उबा र्‍हा." मग बालवाडीच्या बाई आल्या. मग रिटायर झालेले पोस्टातले काका आले, छत्रीसकट. आठवडा संपेपर्यंत आमच्या प्रत्येक ओळीला नाटकातला एकेक एंटर मिळाला होता, आणि दोघे-तिघे उरलेले बाजूला उभे राहून, कुणी दमलं तर आम्ही बसू म्हणत होते. माशांचा वास, छत्री, काठी आणि मध्ये आमची अक्षरं. इतका चांगला वर्ग सरांनी आयुष्यात घेतला नसेल. पण पहिली तारीख जवळ येत होती आणि सर मधूनच बोलता बोलता कोलशेतच्या दिशेला बघायचे.

रविवारी सकाळचा क्लास लांबला. ऊन चढलं. सेक्रेटरी काका जेवणासाठी अण्णांना बोलवायला खाली आले. येऊन टाकीच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या ओळींवरून एकदा नजर फिरवली.

"अण्णा, चला. पानं वाढलीत."

"नाही यायचं."

"उन्हात काय बसलात?"

"मी उठलो तर ही ओळ त्या खालच्या ओळीत शिरेल," अण्णा म्हणाले. "त्या मास्तरांना विचार."

काकांनी सरांकडे पाहिलं. सर अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "खरं आहे."

"मी पन नाय उठनार," मावशी म्हणाली. पोस्टातल्या काकांनी छत्री उघडली.

"म्हणजे तुम्ही जेवणारच नाही?" काकांनी विचारलं.

"खोलीत असतो तर सावली असती," अण्णा म्हणाले. "पान तिथेच, ओळीत बसून संपवलं असतं. तू ठरव."

काका तसेच उभे राहिले. ते ठराव शोधत असावेत, पण वडील ओळीच्या शेवटी बसल्यास काय करावे, असा ठराव मंडळाकडे नव्हता. शेवटी त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि अण्णांपुढे धरली.

"मला कशाला? मास्तर तिकडे, पहिल्या घरापाशी."

काका पुढे निघाले तसे सर ओरडले, "खडूवर पाय देऊ नका." काका थबकले. मग अण्णांनी किल्ली घेतली आणि शेजारच्या मुलाच्या हातात दिली. त्याने ती पुढच्याला दिली. ओळीतून एकेका अक्षराच्या हातून ती माझ्यापर्यंत आली, कारण पहिल्या घरात मी होते. मी ती सरांच्या हातात ठेवली. सरांना रडू आवरत नव्हतं. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत ते आम्हाला दटावत होते, की कुणीही आपलं घर सोडून हलायचं नाही.